एसीसी बास्केटबॉल स्पर्धा पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्थ कॅरोलायनात मार्च उजाडला की ऑफिसात, शाळेत, सलूनमध्ये एकच विषय असतो : कॉलेज बास्केटबॉल. रॅले, केरी, मॉरिसव्हिल, डरहॅम, शार्लट या भागात मराठी घरं बरीच आहेत. नव्यानं आलेल्यांना पहिल्याच हंगामात कुणीतरी विचारतं, "तुम्ही कुणाच्या बाजूचे?" उत्तर द्यायच्या आधी थोडी माहिती असलेली बरी. स्पर्धेला जायचं असेल तर जास्तच.

एसीसी स्पर्धा म्हणजे 'मार्च मॅडनेस'च का?

नाही, त्याच्या आधीची पायरी. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे संघ वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये विभागलेले असतात. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे एसीसी, ८ मे १९५३ रोजी ग्रीन्सबरोच्या सेजफील्ड क्लबमध्ये ७ विद्यापीठांनी मिळून स्थापन केली. आज तिच्यात १८ विद्यापीठं आहेत आणि त्यांत कॅलिफोर्नियातलीही दोन आहेत. हिवाळाभर हे संघ आपसांत खेळतात आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांतले वरचे संघ एका शहरात, एका छताखाली बाद पद्धतीची स्पर्धा खेळायला जमतात. ती ही स्पर्धा.

इथं जिंकणाऱ्या संघाला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे मार्च मॅडनेसमध्ये, थेट प्रवेश मिळतो. बाकीच्यांचं भवितव्य निवड समितीच्या हाती, आणि ती यादी अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी संध्याकाळी जाहीर होते. त्यामुळे एखाद्या संघाला इथं हरून काहीच फरक पडत नाही, तर एखाद्याचं सगळं वर्ष एका सामन्यावर टांगलेलं असतं. अशा काठावरच्या संघाचा सामना मिळाला तर तो सोडू नका. त्या खेळाडूंची धावपळ वेगळीच दिसते.

पण एवढं वेड याच राज्यात का?

याची सुरुवात एव्हरेट केस या प्रशिक्षकापासून करावी लागते. इंडियाना राज्यात बास्केटबॉल आधीपासून घरोघरी रुजलेला होता. तिथल्या शाळांचे संघ घडवलेले केस १९४६ मध्ये रॅलेच्या एनसी स्टेट विद्यापीठात आले. तोवर इथं अमेरिकन फुटबॉलला मान होता. केस यांनी वेगवान खेळ आणला. सामना सुरू होताना खेळाडूंवर झोत टाकणं, विजेतेपदानंतर शिडीवर चढून बास्केटची जाळी कापून नेणं, या इंडियानातल्या पद्धती इथं त्यांनीच रुजवल्या. आज देशभर विजेते जाळी कापतात. १९४९ मध्ये रेनॉल्ड्स कोलिझियम उभं राहिलं. त्यात साधारण १२,४०० माणसं बसत, आणि दक्षिणेत एवढी मोठी बंदिस्त जागा क्वचितच होती. तिथंच १९५४ साली पहिली एसीसी स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात एनसी स्टेटनं वेक फॉरेस्टला जादा वेळेत ८२-८० असं हरवलं. पहिल्या वर्षापासूनच श्वास रोखायला लावणारी स्पर्धा ही.

दुसरं कारण नियमाचं आहे, आणि आमच्या मते खरं कारण हेच. १९७४ पर्यंत प्रत्येक कॉन्फरन्समधून एकच संघ राष्ट्रीय स्पर्धेला जाई, आणि एसीसीनं ठरवलं होतं की तो संघ म्हणजे या स्पर्धेचा विजेता. हंगामभर एकही सामना न हरलेला संघ मार्चमधल्या तीन दिवसांत एकदा घसरला, की वर्ष संपलं. बाकीच्या बहुतेक कॉन्फरन्स साखळीतल्या पहिल्या संघाला पाठवत, त्यामुळे अशी टांगती तलवार तिथं नव्हती. ९ मार्च १९७४ रोजी ग्रीन्सबरोला एनसी स्टेट आणि मेरीलँड यांचा अंतिम सामना झाला. मेरीलँड त्या वेळी देशात चौथ्या क्रमांकावर होतं. जादा वेळेत १०३-१०० असा सामना एनसी स्टेटनं जिंकला. डेव्हिड थॉम्पसन आणि सव्वासात फुटांचा टॉम बर्लसन यांचा हा संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला, आणि मेरीलँड घरी बसलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून जास्त संघांना वाट मोकळी झाली. या सामन्याचं नाव त्या बदलाशी कायमचं जोडलं गेलं. सत्तरी ओलांडलेल्या कुठल्याही स्थानिक माणसाला त्याबद्दल विचारून बघा, तासभर निघून जाईल.

तिसरं कारण टीव्ही. १९५७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा (यूएनसीचा) संघ ३२ सामने खेळून एकही न हरता राष्ट्रीय विजेता झाला. अंतिम सामना कॅन्सस सिटीत विल्ट चेंबरलेन या खेळाडूच्या कॅन्सस विद्यापीठाविरुद्ध तीन जादा डाव खेळून ५४-५३ असा संपला. सी. डी. चेस्ली या टीव्ही निर्मात्यानं तो राज्यातल्या काही केंद्रांवर दाखवण्याची सोय केली होती, आणि लोक घराघरांतून मध्यरात्रीपर्यंत जागे राहिले. पुढच्या हंगामापासून एसीसीचे सामने नियमित दिसू लागले. राज्यात एनबीएचा, म्हणजे व्यावसायिक लीगचा, संघ १९८८ पर्यंत आला नव्हता. मग लोकांनी जीव लावायचा तो कॉलेजच्या संघांवरच. स्पर्धेच्या दुपारी शिक्षक चाकांच्या स्टँडवरचा टीव्ही वर्गात आणत आणि गणिताच्या तासाला सामना लागे, ही आठवण इथं वाढलेल्या दोन-तीन पिढ्यांकडे आहे. आता मुलं फोनवर बघतात, पण स्पर्धेच्या गुरुवारी-शुक्रवारी दुपारी मीटिंग ठेवू नये हा अलिखित नियम बऱ्याच ऑफिसांत अजून पाळला जातो.

'टोबॅको रोड' हा कुठला रस्ता?

नकाशावर शोधू नका. तंबाखूच्या शेतीवर आणि कारखान्यांवर उभ्या राहिलेल्या या पट्ट्यातल्या चार विद्यापीठांचं हे मिळून नाव आहे.

ड्यूक : डरहॅममध्ये. खासगी, गडद निळा रंग, ५ राष्ट्रीय विजेतेपदं. माइक शशेव्हस्की ('कोच के') यांनी १९८० ते २०२२ अशी ४२ वर्षं इथं प्रशिक्षण दिलं. देशभरातून विद्यार्थी येतात, म्हणून 'बाहेरच्यांचं विद्यापीठ' असा टोमणा त्यांना कायम ऐकावा लागतो.

यूएनसी : चॅपल हिलमध्ये. सरकारी, फिकट आकाशी रंग, ६ राष्ट्रीय विजेतेपदं. प्रशिक्षक डीन स्मिथ यांचं विद्यापीठ, मायकेल जॉर्डनचं विद्यापीठ. राज्यात सगळ्यात जास्त चाहते यांचेच दिसतात आणि त्यांपैकी पुष्कळांनी तिथं एक दिवसही शिक्षण घेतलेलं नसतं.

एनसी स्टेट : रॅलेत. सरकारी, लाल रंग, लांडगा हे चिन्ह, २ राष्ट्रीय विजेतेपदं (१९७४ आणि १९८३). इंजिनीअरिंगमुळे मराठी विद्यार्थी इथं भरपूर. हे चाहते सगळ्यात चिवट. १९८७ नंतर थेट २०२४ मध्ये त्यांनी एसीसी स्पर्धा जिंकली, आणि तीही दहाव्या मानांकनावरून, पाच दिवसांत पाच सामने खेळून. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध मायकेल ओ'कॉनेलनं शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू फळीवर आपटून आत गेला, सामना जादा वेळेत गेला आणि एनसी स्टेटनं तो घेतला. अंतिम सामन्यात समोर यूएनसी होतं : ८४-७६. यानंतर रॅलेत महिनाभर लाल शर्टाशिवाय काही दिसत नव्हतं.

वेक फॉरेस्ट : विन्स्टन-सेलमला. लहान, खासगी, सोनेरी-काळा रंग. जिंकल्यावर आवारातल्या झाडांवर टॉयलेट पेपरचे रोल उधळायची यांची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी झाडं पांढरी झालेली दिसली तर काय झालं ते समजून घ्या.

ड्यूक आणि यूएनसी यांच्यात गाडीनं साधारण दहा मैलांचं अंतर. एकाच गल्लीत, एकाच टीममध्ये, एकाच घरात दोन्ही बाजू असतात. गाडीच्या नंबरप्लेटच्या जागी अर्धी गडद निळी, अर्धी आकाशी पाटी दिसली की नवरा एकीकडचा आणि बायको दुसरीकडची.

पाच दिवसांपैकी कोणत्या दिवसाचं तिकीट घ्यावं?

आमचं उत्तर ठाम आहे : गुरुवार. एकच दिवस जमणार असेल तर गुरुवारची दुपार.

कारण समजून घ्या. २०२५ पासून १८ पैकी वरचे १५ संघ स्पर्धेत येतात. मंगळवारी १० ते १५ मानांकनाचे सहा संघ तीन सामने खेळतात. बुधवारी त्यांतल्या विजेत्यांना ५ ते ९ मानांकनाचे संघ भेटतात आणि चार सामने होतात. पहिल्या चार संघांना दोन फेऱ्यांची पुढे चाल मिळते, ते गुरुवारी उतरतात. म्हणजे गुरुवारी आठ संघ, चार सामने, आणि सगळे मोठे संघ अजून शिल्लक. आठही संघांचे लोक त्या दिवशी शहरात असतात. शुक्रवारी चार संघ उरतात, शनिवारी दोन. शनिवारची रात्र दिसायला भव्य, पण तोवर निम्म्याहून जास्त चाहते आपापल्या गावी परतलेले असतात आणि त्यांच्या जागी प्रायोजकांचे पाहुणे येऊन बसतात. या स्पर्धेची खरी मजा एका हॉलमध्ये आठ रंग एकाच वेळी असण्यात आहे, आणि ती गुरुवारीच मिळते.

बुधवार स्वस्त असतो आणि वाईट अजिबात नसतो. मुलांना घेऊन पहिल्यांदा जात असाल तर बुधवारची दुपारच निवडा.

'सेशन' म्हणजे काय? एका तिकिटावर किती सामने?

बुधवारी आणि गुरुवारी दिवसाची दोन सेशन असतात. दुपारचं साधारण १२ आणि २:३० च्या सामन्यांचं, रात्रीचं ७ आणि ९:३० च्या सामन्यांचं. एका तिकिटात एक सेशन, म्हणजे दोन सामने. मधे सगळा हॉल रिकामा करतात. रात्रीचं तिकीट असलं तरी दुपारनंतर आत बसून राहता येत नाही. शुक्रवारी रात्री दोन्ही उपांत्य सामने एका तिकिटात. शनिवारी एकच सामना.

९:३० ही वेळ कागदावरची. दुसरा सामना पहिला संपल्यावर अर्ध्या तासानं सुरू होतो. पहिला जादा वेळेत गेला तर दुसरा दहा वाजता सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपतो. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर हे आधी धरून चाला.

तिकीट कुठून घ्यायचं? स्वस्त कधी मिळतं?

पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण तिकीट मिळतच नसे. प्रत्येक विद्यापीठाला तिकिटांचा वाटा मिळे आणि तो देणगीदारांच्या संघटनांमधून वाटला जाई : यूएनसीचा रॅम्स क्लब, एनसी स्टेटचा वुल्फपॅक क्लब, ड्यूकचे आयर्न ड्यूक्स, वेक फॉरेस्टचा डीकन क्लब. कुणाचा नंबर वर लागणार हे देणगीवर ठरे. सगळ्या सामन्यांच्या तिकिटांचं एकत्र 'बुक' मिळे. कित्येक दशकं सर्वसामान्यांसाठी खुली विक्री जवळजवळ नव्हतीच. विद्यापीठांचे वाटे अजूनही आहेत, पण आता कॉन्फरन्स वाढली, हॉल मोठे झाले आणि प्रत्येक सेशनची तिकिटं ऑनलाइन खुली मिळतात.

पुनर्विक्रीच्या साइटवर घेणार असाल तर भाव कशानं हलतात ते लक्षात ठेवा. ड्यूक किंवा यूएनसी हरलं की पुढच्या दिवसाची त्यांच्या लोकांची तिकिटं तासाभरात बाजारात येतात आणि भाव कोसळतो. उलट ते दोघे उपांत्य फेरीत समोरासमोर येणार असं दिसलं, की तिकिटं गायब होतात. म्हणून शुक्रवारचं तिकीट हवं असेल तर गुरुवारी रात्री शेवटचा सामना संपल्यावर शोधा. गुरुवारचं मात्र आधीच घेऊन ठेवा, ते शेवटच्या क्षणी स्वस्त होईलच असं नाही.

फसगत कुठं होते, तर स्क्रीनशॉटमध्ये. आता तिकिटं फोनवरच असतात आणि बारकोड सतत बदलत राहतो. व्हॉट्सॲपवर आलेलं चित्र गेटवर चालत नाही. विकणाऱ्याकडून तिकीट ॲपमधूनच आपल्या खात्यावर घ्या, आणि ते खात्यात दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. घरून निघण्यापूर्वी तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. गेटसमोर हजारो माणसं एकाच वेळी इंटरनेट वापरत असतात, तिथं पान उघडता उघडत नाही.

जागा कुठली निवडावी?

पैसे बेताचे असतील तर वरच्या मजल्यावर कोर्टाच्या लांब बाजूला, पहिल्या पाच-सहा रांगांत. तिथून बचाव कसा सरकतो, कुठली जागा मोकळी पडते हे सगळं कळतं. खालच्या मजल्यावर बास्केटच्या मागची जागा महाग असूनही आम्ही सुचवत नाही. फळी आणि तिचा खांब मधे येतो, पलीकडच्या टोकाचा खेळ नीट दिसत नाही, आणि विद्यापीठांचे बँड बहुधा त्याच टोकांना बसतात. बँडच्या मागे दोन सामने काढले की कान घरी येईपर्यंत वाजत राहतात.

खरेदीआधी तो भाग कुठल्या विद्यापीठाच्या वाट्याचा आहे ते बघा. एखाद्या संघाच्या चाहत्याकडून तिकीट घेतलं असेल तर तुम्ही त्यांच्याच माणसांत बसणार आहात.

स्पर्धा कुठल्या शहरात असते? तिथं पोहोचायचं कसं?

शहर बदलतं. हॉटेल ठरवण्याआधी त्या वर्षाचं ठिकाण एसीसीच्या साइटवर बघा. सगळ्यात जास्त वेळा ती ग्रीन्सबरो कोलिझियममध्ये झाली आहे, १९६७ पासून. अलीकडे ती ब्रुकलिन आणि वॉशिंग्टनलाही जाऊन आली. २०२५ मध्ये शार्लटच्या स्पेक्ट्रम सेंटरमध्ये होती. ब्रुकलिनला ती गेली तेव्हा जुने चाहते मनापासून दुखावले होते, आणि आम्हाला ते पटतं. ग्रीन्सबरोत हॉटेलच्या लॉबीपासून बार्बेक्यूच्या दुकानापर्यंत सगळं गाव स्पर्धेत असतं. न्यूयॉर्कात दोन चौक पलीकडे कुणाला पत्ताही नसतो.

शार्लट : रॅलेहून गाडीनं साधारण १६५ मैल, पावणेतीन तास धरा. त्यापेक्षा ॲमट्रॅकची पीडमाँट रेल्वे बरी. रॅले, केरी, डरहॅम, ग्रीन्सबरो, हाय पॉइंट करत ती साधारण सव्वातीन तासांत शार्लटला पोहोचते. शार्लटचं रेल्वे स्टेशन मध्यवस्तीपासून दोनेक मैल दूर आहे, तिथून बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. रात्रीचं सेशन संपल्यावर परतीची रेल्वे मिळत नाही, त्यामुळे मुक्काम ठरवूनच जा. शहरात राहत असाल तर लिंक्स ब्लू लाइन ही हलकी रेल्वे हॉलच्या शेजारच्या स्थानकावर सोडते. शहराबाहेरच्या स्टेशनला गाडी लावून तिनं आत येणं सगळ्यात सोयीचं, कारण सामन्यानंतर मध्यवस्तीतल्या पार्किंगमधून बाहेर पडायलाच बराच वेळ जातो.

ग्रीन्सबरो : रॅलेहून साधारण सव्वा तास, शार्लटहून दीड. कोलिझियमभोवती स्वतःचं मोठं पार्किंग आहे, पण दुपारचं सेशन सुटताना आणि रात्रीचं भरताना तिथं दोन्हीकडची गर्दी एकमेकांना भिडते. रात्रीच्या सामन्याला सहाच्या आत पोहोचा.

आत काय नेता येतं?

नियम इमारतीचे असतात, स्पर्धेचे नव्हेत. बहुतेक ठिकाणी पारदर्शक पिशवी किंवा अगदी छोटी पर्स चालते. पाठीवरची सॅक, छत्री, पाण्याची बाटली, बाहेरचं खाणं चालत नाही. घरून डबा नेण्याचा विचार सोडून द्या, तो गेटवर टाकावा लागतो आणि गाडी दूर असेल तर सामना सुरू होईपर्यंत परत येणं होत नाही. लहान बाळाच्या किंवा औषधाच्या पिशवीला वेगळा नियम असतो, तो आधी वाचा. आत रोख पैसे बहुधा घेत नाहीत. बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, म्हणून जॅकेट गाडीत राहिलं तर राहिलं. मार्चमध्ये दुपार उबदार असते, पण रात्री चांगलाच गारठा असतो.

सामना किती वेळ चालतो? खायला कधी उठायचं?

घड्याळानं २०-२० मिनिटांचे दोन भाग, प्रत्यक्षात सव्वादोन तास. बरोबरी झाली तर ५ मिनिटांचा जादा डाव, निकाल लागेपर्यंत.

प्रत्येक भागात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरलेली असताना, त्यानंतरच्या पहिल्या शिट्टीला, टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबतो. हे एकदा कळलं की सगळं सोपं होतं. मध्यंतर १५ मिनिटांचं असतं, पण तेव्हा सगळा हॉल रांगेत उभा राहतो. त्याऐवजी पहिल्या भागात ८ मिनिटं उरल्यावर जो थांबा येतो तेव्हा उठा. रांग आखूड असते आणि खेळाची दोन-तीन मिनिटंच चुकतात. शेवटची चार मिनिटं मात्र जागा सोडू नका.

शेवटच्या दोन मिनिटांना पंधरा मिनिटं का लागतात, हे क्रिकेट बघणारे नेहमी विचारतात. मागे पडलेला संघ मुद्दाम फाऊल करतो. त्यानं घड्याळ थांबतं आणि चेंडू परत मिळायची संधी येते, बदल्यात समोरच्याला फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे नेम) मिळतात. एका भागात संघाचे सात फाऊल झाले की समोरच्याला 'एकावर एक' मिळतो : पहिला फ्री थ्रो बास्केटमध्ये गेला तरच दुसरा. दहाव्या फाऊलपासून सरळ दोन. म्हणून मागे पडलेला संघ समोरचा सगळ्यात कच्चा नेमबाज हेरून त्यालाच धरतो. अशा वेळी फ्री थ्रोच्या रेषेवर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या पोराचा चेहरा बघा, वीस हजार माणसं त्याच्यावर ओरडत असतात. एका खेळाडूचे पाच फाऊल झाले की तो बाहेर. हल्ला ३० सेकंदांत संपवावाच लागतो. पूर्वी ही मर्यादा नव्हती. १९८२ च्या एसीसी अंतिम सामन्यात यूएनसीनं शेवटची कित्येक मिनिटं नुसता चेंडू फिरवत ठेवून व्हर्जिनियाला ४७-४५ असं हरवलं. पुढच्याच हंगामात एसीसीनं शॉट क्लॉक, म्हणजे हल्ल्याची वेळ मोजणारं घड्याळ, वापरून पाहिलं.

आपला संघ खेळत नसेल तेव्हा काय करायचं?

तेव्हाच तर खरी गंमत. या स्पर्धेत प्रत्येक क्षणी हॉलमधले बहुसंख्य प्रेक्षक त्रयस्थ असतात, कारण खेळतात दोन संघ आणि बसलेले असतात अनेकांचे चाहते. पण त्रयस्थ म्हणजे गप्प नव्हे. ड्यूक दुपारच्या सामन्यात एखाद्या लहान संघाविरुद्ध सहा गुणांनी मागे पडलं, की आकाशी, लाल, सोनेरी, केशरी असे सगळे पट्टे एकापाठोपाठ उभे राहतात. शत्रू एकच असल्यामुळे तासापूर्वी भांडणारे एकत्र ओरडतात. यूएनसी मागे पडलं तर एनसी स्टेटचे लोक हेच करतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचं ब्रीदच आहे, कुणीही चालेल पण कॅरोलायना नको.

घोषणा सोप्या असतात, एका बाजूनं अर्धी आणि दुसऱ्या बाजूनं उरलेली : यूएनसीची 'टार'-'हील्स', एनसी स्टेटची 'वुल्फ'-'पॅक'. पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला 'अरे, आवाज कुणाचा' दिलेल्यांना शिकवायची गरज पडत नाही. फ्री थ्रोच्या वेळी बास्केटमागचे लोक हात हलवून, ओरडून नेमबाजाला विचलित करतात, ते मान्य आहे. खेळाडूच्या घरच्यांबद्दल किंवा वंशाबद्दल बोलणं मान्य नाही, सुरक्षारक्षक बाहेर काढतात. शेजारी कुठल्याही संघाचा असो, बोलायला सुरुवात करा. "१९७४ चा सामना तुमच्या घरी कुणी पाहिला होता का?" एवढं पुरतं.

कपडे कोणत्या रंगाचे घालावेत?

बाजू ठरली असेल तर त्या बाजूचे. ठरली नसेल तर करडा किंवा पांढरा. आकाशी शर्ट सहज म्हणून घालू नका. तो इथं फक्त यूएनसीचा असतो, आणि भारतीय क्रिकेट संघाची जुनी फिकट निळी जर्सीही तसंच सांगते. गडद निळा म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांना ड्यूक. केशरी घातलात तर क्लेम्सन, सिरॅक्यूस, व्हर्जिनिया, मायामी यांपैकी कुणाचे तुम्ही, अशी विचारणा होईल. चुकून काही झालंच तर मार कुणी खाणार नाही, पण दोन तास चेष्टा सहन करावी लागेल.

खायचं काय? शाकाहारी माणसानं काय करावं?

स्पर्धा आणि बार्बेक्यू इथं जोडीनं येतात, आणि त्यातही दोन पंथ आहेत. राज्याच्या पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजून व्हिनेगर-मिरीचं पाणी घालतात. लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांद्याचं मांस, व्हिनेगरमध्ये थोडं केचप आणि लालसर कोबीची कोशिंबीर. ग्रीन्सबरो कोलिझियमच्या समोरच स्टेमीज हे लेक्सिंग्टन पद्धतीचं जुनं दुकान आहे. स्पर्धेच्या आठवड्यात दोन सेशनच्या मधे तिथं रांग दाराबाहेर येते, म्हणून सामना एकतर्फी झाला असेल तर संपायच्या पाच मिनिटं आधी निघा, किंवा फक्त रात्रीचं तिकीट असेल तर सरळ साडेतीनला जा.

शाकाहारी मंडळींनी दोन पदार्थांबद्दल आवर्जून विचारावं : कॉलर्ड ही पालेभाजी आणि बेक्ड बीन्स. दिसायला निर्धोक, पण दोन्हींत बहुधा डुकराचं मांस किंवा चरबी असते. मक्याच्या पिठाचे तळलेले हश पपीज चांगले लागतात, मात्र पिठात अंडं असतं आणि तळण कशात आहे ते विचारावं लागतं. मॅक अँड चीज, कोशिंबीर आणि गोड थंड चहा यांवर वेळ निभते. हॉलच्या आत पिझ्झा, प्रेट्झेल, पॉपकॉर्न मिळतं. पोटभर जेवण सामन्याआधीच उरका.

लहान मुलांना आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना नेता येईल का?

जरूर. मुलांसाठी कानांवर लावायचे आवाजरोधक हेडफोन न्या. दोन सामने म्हणजे साडेचार-पाच तास, सहा-सात वर्षांखालची मुलं दुसऱ्या सामन्यात पेंगतात. मांडीवर बसणाऱ्या मुलांना तिकीट लागतं का, ते इमारतीच्या नियमात बघा. वरच्या मजल्याच्या पायऱ्या फार उभ्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी मधे कठडा नसतो. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी लिफ्टजवळचं, रांगेच्या टोकाचं तिकीट घ्या, चार डॉलर जास्त गेले तरी चालतील.

स्पर्धेऐवजी ड्यूक किंवा यूएनसीच्या मैदानावर सामना बघता येईल?

यूएनसीच्या डीन स्मिथ सेंटरमध्ये २१,००० हून जास्त जागा आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लहान कॉलेजांविरुद्धच्या सामन्यांची तिकिटं सहज मिळतात. ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये जागा फक्त ९,३१४. १९४० सालची ही दगडी इमारत आहे, आणि विद्यार्थी कोर्टाला खेटून बाकांवर उभे असतात. यूएनसीविरुद्धच्या सामन्यासाठी पदवीचे विद्यार्थी कित्येक आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. एका तंबूत १२ जण, आणि रात्री-अपरात्री हजेरी होते. हा प्रकार १९८६ पासून चालू आहे आणि त्या वस्तीला कोचच्या नावावरून शशेव्हस्कीव्हिल म्हणतात. ड्यूकमध्ये एमएस किंवा पीएचडीला असाल तर तुमच्यासाठी वेगळी सोय आहे : शरद ऋतूत एका वीकेंडला ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचा कॅम्पआउट होतो आणि शेवटपर्यंत हजेरी लावणाऱ्यांमधून हंगामाच्या तिकिटांची सोडत काढतात. एवढ्या स्वस्तात कॅमेरॉन पुन्हा कधीच मिळणार नाही, अभ्यास सांभाळून जाच.

महिलांची स्पर्धा वेगळी असते का?

हो, एक आठवडा आधी. २००० पासून ती बहुतेक वर्षं ग्रीन्सबरोत झाली. तिकिटं स्वस्त, खालच्या रांगा परवडतात आणि खेळ उत्तम. नियमातला मोठा फरक म्हणजे महिलांचा सामना १० मिनिटांच्या चार भागांचा असतो. मुलींना खेळाची गोडी लावायची असेल तर सुरुवात इथूनच करा.

भारतातून बघायचं असेल तर वेळा काय?

स्पर्धेच्या आठवड्यात अमेरिकेतली घड्याळं सहसा एक तास पुढे गेलेली असतात, त्यामुळे फरक साडेनऊ तासांचा. दुपारी १२ चा सामना भारतात रात्री ९:३० ला, २:३० चा मध्यरात्री १२ ला, ७ चा पहाटे ४:३० ला आणि ९:३० चा सकाळी ७ ला. २०२५ चा अंतिम सामना शनिवारी रात्री ८:३० ला होता, म्हणजे भारतात रविवारी सकाळी ६ वाजता. राष्ट्रीय स्पर्धेची यादी त्यानंतर सोमवारी पहाटे ३:३० च्या सुमारास येते. तिच्यासाठी जागू नका, सकाळी उठल्यावर वाचा.